कासारे बाईंचं ऊन

शशिकला कासारे बाईंचे हात मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा आम्हाला एकाच शाळेत शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. तोवर मला त्यांचे पंजे तेवढे माहीत होते. वर्गात खडू धरावाच लागतो, म्हणून तेवढे दिसत. मनगटापाशी ब्लाउजची बाही सुरू व्हायची ती थेट खांद्यापर्यंत. शाळेबाहेर पडल्या की पंजेही झाकले जात.

त्या स्कूटीवरून शाळेच्या फाटकातून आत यायच्या ते दृश्य महाडमधल्या बऱ्याच मुलांना अजून आठवत असेल. डोक्याला आणि चेहऱ्याला गुंडाळलेला पांढरा स्कार्फ, त्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल, कोपराच्या वर जाणारे पांढरे हातमोजे, चपलांच्या आत मोजे. गाडी लावली की डिकीतून छत्री काढायच्या आणि मैदान छत्रीखाली ओलांडून व्हरांड्यात यायच्या. भर जानेवारीतसुद्धा. मुलं त्यांना ‘अंतराळवीर’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर अंतराळवीराचं चित्र काढून ठेवलं. बाई आत आल्या, चित्र पाहिलं, आणि डस्टर न उचलता म्हणाल्या, “हेल्मेटचं वर्तुळ बिघडलंय. केंद्र कुठं घेतलं होतं? पायरी दाखवा.” वर्गात हसू फुटलं. चित्र काढणारा पोरगा स्वतःच उठून पुढे आला, त्यानं कंपास लावून वर्तुळ नीट काढून दिलं, आणि तास सुरू झाला.

“पायरी दाखवा” हे त्यांचं पालुपद. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी नसेल तर बाई गुण देत नसत. शाळेबाहेरही त्यांचा हाच खाक्या. मुख्याध्यापक “वरून आदेश आहे” म्हणाले की बाई शांतपणे विचारत, “कुठल्या पायरीवरून, सर?” स्टाफरूममध्ये कुणी कुणाबद्दल काही कुजबुजलं की बाई वहीतून मान वर न काढता म्हणत, “हे कळलं कसं? पायरी दाखवा.” मग कुजबुज आपोआप विरत असे.

माहेर त्यांचं पोलादपूरकडचं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याची एक वाडी. बौद्धवाडीतून पदवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. नवरा मुंबईला पोस्टात, शनिवारी यायचा. एकुलती मुलगी प्रज्ञा नर्सिंग शिकायला पुण्याला. महाडमध्ये बाई दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एकट्याच राहत. ब्लॉकला पूर्वेकडे छान गॅलरी होती. गॅलरीच्या दाराला जाड हिरवा पडदा होता आणि तो सरकवलेला मी कधी पाहिला नव्हता.

स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची खिडकीपासून सगळ्यांत लांब, ट्यूबलाइटखाली. प्रार्थनेला मुलं मैदानात, बाई व्हरांड्याच्या कडेला. क्रीडा महोत्सवात गुण मांडायचं काम आपण होऊन घ्यायच्या, कारण ते खोलीत बसून करता येई. त्यांना ऊन चालत नाही, अंगावर पुरळ येतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना झोप येत नाही हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या ते लपवत नसत. “रात्र मला लागूच पडत नाही,” त्या म्हणायच्या. सगळी कामं उरकून अंथरुणावर पडल्या की डोळे टक्क. पहाटे कुठं डुलकी लागायची, तोवर गजर. मग दिवसा झापड. मोकळ्या तासाला त्या हातात लाल पेन धरून, मान ताठ ठेवून खुर्चीतच झोपत. समोरून बघणाऱ्याला वाटे, पेपर तपासताहेत. मी शेजारी बसायचे, त्यामुळे मला कळे. तास झाल्याची घंटा झाली की मी त्यांच्या टेबलावर बोट वाजवायचे, आणि पेन अर्धवट राहिलेल्या ओळीवरून पुढे चालू लागे.

त्यात पाय दुखायला लागले. पिंढऱ्या, मांड्या, कंबर. जिना चढताना कठडा धरायच्या. वय पन्नाशीचं, त्यामुळे जो तो आपापलं औषध सांगू लागला. तीळ खा, मेथी खा, रात्री दुधात जायफळ घाला, पायांना तेल लावा. बाईंनी सगळं केलं. जायफळानं फक्त तोंडाची चव गेली म्हणाल्या. मग शिपाईमावशींनी सुचवलं, सव गावाला जा, तिथल्या गरम झऱ्यात पाय सोडून बसा. एका रविवारी त्या मला म्हणाल्या, “दळवी बाई, येता का? एकटीला कसंतरी वाटतं.”

रिक्षानं गेलो. थंडीचे दिवस होते, पाण्यावर वाफ होती. बायकांच्या आडोशाला आम्ही दोघीच होतो. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाह्या वर सरकवल्या, मग साडी गुडघ्यापर्यंत घेतली. मी पाहिलं ते एवढंच, की हात काळेसावळे, धडधाकट, शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचे असतात तसे होते. पुरळ नाही, डाग नाही, काही नाही.

त्यांना माझी नजर कळली.

“एवढं झाकलं इतकी वर्षं,” त्या हात पाण्यात फिरवत म्हणाल्या, “पण एक छटासुद्धा उजळले नाहीत. तुम्हीच बघा.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “अहो, छान तर आहेत.”

“ते राहू दे,” त्या म्हणाल्या. मग पाण्याकडे बघत त्यांनी सांगितलं. नोकरी नुकती लागली होती. पाहायला पाहुणे आले. मुलगा शिकलेला, घर नावाजलेलं. मुलाच्या मावशीनं शशिकलाचा हात ओढून घेतला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला, दुकानात अस्तराचं कापड जुळवून बघतात तसा. मग मुलाच्या आईकडे बघून मान हलवली. “मी केलेले पोहे मात्र सगळ्यांनी संपवले. माझी आई दाराआडून बघत होती. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, तुला लहानपणी कापणीला उन्हात नेलं ते चुकलंच माझं.”

“कोण होते लोक?”

“आमच्याच समाजातले. तेच तर. परक्यानं म्हटलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. हे सभेत पहिल्या रांगेत बसणारे लोक. समतेवर भाषण करणारे.” त्या जरा हसल्या. “दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी हातमोजे घेतले. पुढे लग्न चांगल्या माणसाशी झालं. यांनी कधी रंगाचा र काढला नाही. पण मोजे राहिले ते राहिलेच. प्रज्ञालासुद्धा लहानपणी घालायचे. ती आठवीत गेल्यावर तिनं फेकून दिले.”

परतीच्या वाटेवर स्कार्फ, गॉगल, मोजे सगळं पुन्हा चढलं होतं. गरम पाण्यानं पाय दोन दिवस हलके वाटले, झोपेला काही फरक पडला नाही.

त्याच वर्षी दहावीच्या परीक्षेत ते घडलं. बाईंची पर्यवेक्षणाची पाळी होती. दुपारची उकाड्याची वेळ, पंख्याचा एकसुरी आवाज. बाहेरून तपासणीला आलेले अधिकारी वर्गात शिरले, तेव्हा बाई टेबलाशी ताठ बसून गाढ झोपल्या होत्या. मागच्या बाकांवर दोन मुलं उत्तरपत्रिका अदलाबदल करताना सापडली. त्या मुलांची परीक्षा रद्द झाली. बाईंकडे मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. आम्ही म्हटलं, आजारी होते असं लिहा, डॉक्टरचा दाखला मिळेल. बाईंनी एकच वाक्य लिहून दिलं: मला झोप लागली होती, हे खरं आहे.

स्टाफरूममध्ये येऊन त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “दळवी बाई, ती दोन पोरं माझ्या झोपेमुळे अडकली. नक्कल त्यांनी केली, पण मी जागी असते तर केली नसती.” त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पाहिले. पाय दुखत असूनही त्या तोवर डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. त्या दिवशी संध्याकाळी गेल्या, मला बरोबर घेऊन.

डॉक्टरीण तरुण होती, नुकताच दवाखाना टाकलेली. तिनं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्यात थायरॉईड ठीक, साखर ठीक, ‘ड’ जीवनसत्त्व मात्र अगदी तळाला. डॉक्टरनं कागद बघून विचारलं, “तुम्ही रात्रपाळी वगैरे करता का? की पूर्ण घरातच असता?”

“शिक्षिका आहे मी.”

“मग ऊन लागत नाही का कधी?”

बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. गॉगल त्यांनी पर्समध्ये ठेवला होता, पण हातमोजे टेबलावरच होते. डॉक्टरनं ते पाहिले आणि समजावून सांगायला घेतलं. आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पुडी लिहून दिली. हाडांचं, पिंढऱ्यांचं दुखणं यानं कमी होईल म्हणाली. झोपेबद्दल बाईंनी विचारलं.

“ड कमी असलेल्या पुष्कळ लोकांची झोप बिघडलेली दिसते,” ती म्हणाली. “पण पुडी घेतली की झोप येईलच, असं मी नाही सांगणार.”

“मग पायरी कुठली? पायरी दाखवा.”

डॉक्टर हसली. “पायरी अशी, की शरीरात एक घड्याळ असतं. त्याला दिवस कधी सुरू झाला हे डोळ्यांवाटे कळतं, सकाळच्या उजेडानं. तुम्ही खोलीतून गॉगलमध्ये, गॉगलमधून ट्यूबलाइटखाली. त्या घड्याळाला सकाळ झालेली कळतच नाही, मग रात्र कशी कळणार? सकाळी उघड्या डोळ्यांनी मोकळ्यावर बसा. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उजेडात बसायचं. ढग असले तरी चालेल. आणि ड साठी जरा उशिराचं ऊन लागतं, दहा-साडेदहानंतरचं. हात, पाय, मान उघडी ठेवून. साधारण लोकांना थोडा वेळ पुरतो. तुमची त्वचा गडद आहे, तुम्हाला जास्त वेळ बसावं लागेल.”

शेवटचं वाक्य तिनं पुढच्या तपासणीची तारीख सांगावी तितक्या सहज म्हटलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी हातमोजे उचलले, एकेक बोट नीट ओढून घातले आणि उठल्या. “पुडी घेईन,” म्हणाल्या. “उन्हात बसणार नाही.”

आणि तसंच केलं. पुड्या नेमानं घेतल्या. हळूहळू पायांचं दुखणं उतरलं. जिन्याचा कठडा सुटला. झोप मात्र होती तिथेच होती. उलट त्यात एक भर पडली होती. रात्री डोळे मिटले की ती दोन पोरं दिसतात म्हणायच्या.

मे महिन्यात त्या माहेरी गेल्या, आईला बघायला. आई, सगळ्या वाडीची भागाआई, ऐंशीच्या घरातली. आम्ही नवरा-बायको महाबळेश्वरला निघालो होतो, म्हणून वाटेत वाडीवर थांबलो. सकाळचे नऊ वाजले असतील. खळ्यात सुपं, तागाची पोती, जुन्या साड्या पसरलेल्या, आणि त्यांवर आमसुलांसाठी रातांब्याची सालं वाळत घातलेली. मधोमध एका पाटावर एक बाई हातात काठी घेऊन बसली होती, कोंबड्या आणि माकडं हाकायला. ब्लाउजच्या बाह्या दंडापर्यंत गुंडाळलेल्या. मी ओळखलंच नाही. हाक मारणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “दळवी बाई, सालांवर पाय देऊ नका.”

भागाआई ओटीवर बसली होती. तिला बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद झाला.

“ही आली तवा हातांना फडकी बांधून आली,” ती मला सांगू लागली. “मी म्हटलं, भाजलंय का काय गो तुला? तर म्हणते, ऊन लागतंय. म्हटलं, उन्हाचं कसलं लागतंय? ऊन काय आज आलंय?”

“आये, पुरे,” बाई म्हणाल्या.

“पुरे काय? माझं गुडघं चालत नाय, रातांबं कोन राखणार? हिला बसवली. मोजं घालून सालं हलवायला गेली, पहिल्याच दिवशी मोजं लाल. तो रंग जातोय व्हय? दिलं सोडून. मग काळा चष्मा लावून बसली. मी म्हटलं, शशे, त्या चष्म्यातनं तुला समदं काळंच दिसणार, सालं वाळली का नाय ते कसं कळंल? काढ तो.”

“आणि काढला?” मी विचारलं.

“काढतेय कशी नाय. आईला घाबरते अजून.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आल्या आल्या रातभर कूस बदलायची गो पोर. मला ऐकू यायचं. आता दिवस मावळला, जेवली, की घोरते. मीच जागी राहते हिच्या घोरण्यानं.”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी काठी आपटून एक कोंबडी हाकलली.

“लगेच काही निष्कर्ष काढू नका,” त्या म्हणाल्या. “शाळा नाही, पेपर नाहीत, फोनला रेंज नाही, पुड्याही चालू आहेत. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर कशामुळे आलं ते सांगता येत नाही.” मग त्या हळूच म्हणाल्या, “पण झोप लागतेय. काल सकाळी उठले तेव्हा मला वाटलं, आजारी आहे का काय, इतकं हलकं वाटत होतं.”

जूनमध्ये महाडला परत आल्यावर त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. गणिताच्या बाई, त्यांना राहवणं शक्य नव्हतं. आधी काही दिवस पूर्वीसारख्या पडद्याआड राहिल्या. झोप पुन्हा बिनसली. मग गॅलरीचा हिरवा पडदा काढला आणि रोज सकाळचा चहा गॅलरीत, पाऊस असला तरी खुर्ची पत्र्याखाली घेऊन. आठवड्याभरात झोप परतली. डॉक्टरला जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाली, पावसाळ्यात ऊन मिळणार नाही, पुडी सोडू नका. सकाळचा उजेड मात्र ढगांतूनही मिळतो. बाईंनी मान्य केलं. “तिची एक पायरी मी गाळली होती,” एवढंच मला म्हणाल्या.

शाळा सुरू झाली त्या दिवशी पाऊस उघडला होता. बाई स्कूटीवरून आल्या त्या हेल्मेट घालून, बस्स. अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज, मोकळे हात, उन्हानं आणखी रापलेले. व्हरांड्यातली मुलं बोलायची थांबली. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून, मधे नुसतं लाकडी पार्टिशन. त्यामुळे पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्या आत गेल्या. “नमस्ते बाई” नेहमीपेक्षा ओढून झालं. मग मधल्या बाकांवरून एक आवाज, उद्धट नाही, खरंच चकित झालेला, “बाई, तुम्ही काळ्या झालात.”

माझ्या वर्गातल्या मुलांनी पार्टिशनकडे माना वळवल्या. मी फळ्यावर लिहायची थांबले.

“झाले नाही,” कासारे बाईंचा आवाज आला, रोजचा, सपाट. “मी काळीच आहे. तुम्ही आज पाहिलंत. पहिलं प्रकरण काढा.”

पुस्तकांची पानं उलटल्याचा आवाज झाला आणि तास सुरू झाला. मधल्या सुट्टीत त्याच वर्गातली एक मुलगी वही द्यायला माझ्याकडे आली. ही मुलगी एप्रिलच्या उकाड्यातही स्वेटर घालून यायची. वही देऊन ती जाईना. “काय गं?” म्हटलं तर म्हणाली, “बाईंचे हात माझ्यासारखे आहेत.” आणि पळाली.

लोक बोललेच. बाजारात कुणी म्हणालं, तब्येत उतरली वाटतं. शेजारणीनं उटण्याचं पाकीट आणून दिलं. बाईंना ते लागत नसे असं नाही. एकदा असंच कुणीतरी बोलल्यावर त्यांनी दोन दिवस पुन्हा मोजे घातलेले मी पाहिले. तिसऱ्या दिवशी मोजे नव्हते. परीक्षेत सापडलेल्या त्या दोन मुलांना मात्र त्यांनी घरी बोलावून वर्षभर शिकवलं, सकाळी, गॅलरीत बसून. पुढच्या खेपेला दोघंही पास झाली. त्या दोघांच्या बाबतीत बाईंनी कधी स्वतःला पुरते गुण दिले नाहीत, पण रात्री ती पोरं दिसायची थांबली.

निवृत्त झाल्यावर त्या वाडीवर आईजवळ जाऊन राहिल्या. आता बाई नाहीत; गेल्या पावसाळ्याआधी हृदयविकारानं गेल्या, भागाआईच्याही आधी. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. प्रज्ञा बाळंतपणाला आली होती, तिला मुलगी झाली होती, म्हणून बघायला गेले.

खळ्यात कोवळं ऊन आलं होतं. बाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. पोटऱ्यांवर ती एवढीशी पोर, तेलानं चमकणारी. बाई दोन्ही हातांनी तिचे पाय चोळत होत्या आणि ती डोळे बारीक करून बघत होती. प्रज्ञाच्या सासरची एक बाई, नात्यानं आत्या, ओटीवर चहा पीत होती. ती म्हणाली, “आत घ्या हो आता तिला. आधीच आईच्या वळणावर गेलीय. उन्हात ठेवलं तर होता तो पण रंग जाईल.”

प्रज्ञानं दारातून आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि तेल पोरीच्या पाठीला लावलं.

“रंग कुठं जातोय?” त्या म्हणाल्या. “तिचाच आहे तो.”

आत्याबाई चहा संपवून आत गेल्या. आम्ही थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. बोलता बोलता पोरीचे डोळे मिटले, मूठ सैल झाली. माझी गाडीची वेळ झाली होती. मी उठले. बाई एरवी पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला यायच्या, पण पोटऱ्यांवर पोर झोपली होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवून मला निरोप दिला, आणि पाय तसेच न हलवता उन्हात बसून राहिल्या.